दोन चित्रांमधले नारायणराव

बालगंधर्व रंगमंदिरात मी पहिल्यांदा शिरले ती मागच्या दाराने. आमचे आप्पा टेम्पो चालवतात. नाटकाचे सामान या गावाहून त्या गावाला, या थिएटरवरून त्या थिएटरवर नेण्याचे काम गेली वीस वर्षे ते करत आले आहेत. शाळेला सुट्टी असली की मी टेम्पोत पुढे बसून त्यांच्याबरोबर जायची. मागच्या अंगाला टेम्पो लागला की सोफा, दारे, खिडक्या, जिना असे एक अख्खे घर उतरायचे आणि रात्री साडेबाराला तेच घर पुन्हा टेम्पोत चढायचे. त्यामुळे नाटक म्हणजे लाकूड, खिळे, दोऱ्या आणि घाई अशीच माझी पुष्कळ दिवस समजूत होती.

एकदा मध्यंतरात पाणी आणायला म्हणून मी पुढच्या बाजूला गेले. तिथे दोन मोठी तैलचित्रे लावलेली दिसली. एकात एक देखणा पुरुष, दुसऱ्यात एक देखणी स्त्री. मी आप्पांना विचारले, हे नवरा-बायको कोण? आप्पा हसले. म्हणाले, दोन्ही एकच माणूस आहे, आणि तुझा टेम्पो ज्याच्या नावाच्या दारात उभा आहे तोच तो. चित्रकार गोपाळ देऊसकरांनी ती चित्रे काढली आहेत हे मला पुढे कॉलेजात आल्यावर कळले. आमच्या घरात कॉलेजात आलेली मीच पहिली. तेव्हा ग्रंथालयाचे कार्ड हातात पडल्यावर मी पहिली पुस्तके काढली ती या दोन चित्रांतल्या एका माणसावरची. या लेखात जे लिहिते आहे ते त्या वाचनातून आणि थोडेफार टेम्पोच्या पुढच्या सीटवरून पाहिलेले आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणीच गळा असा गोड की पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकले आणि या मुलाला बालगंधर्व म्हटले, अशी हकीकत सर्वत्र सांगितली जाते. पुढे मुलगा मोठा झाला, म्हातारा झाला, पण नावातला 'बाल' काही गेला नाही. ऐंशीच्या घरात आलेल्या माणसालाही लोक बालगंधर्वच म्हणत राहिले. या नावाचा त्यांच्या आयुष्याशी काही संबंध आहे, असे मला वाटते. त्याकडे शेवटी येते.

त्या काळी मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचा मळा फुलला. त्यांच्या मंडळीतले भाऊराव कोल्हटकर हे त्या वेळचे मोठे नाव. १९०१ साली भाऊराव वारले. असा नट गेला, मग कंपनी चालायची कशी, हा प्रश्न किर्लोस्कर मंडळीपुढे उभा राहिला. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांची कृपा लाभलेला हा कोवळा मुलगा मंडळीत आला आणि १९०५ साली मिरजेस शकुंतला म्हणून उभा राहिला. वय सतरा. म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्या वयात एका कंपनीच्या शेकडो ताटांचा भार त्यांच्या गळ्यावर आला. रूप, आवाज आणि लाघव या तिन्ही गोष्टी निसर्गाने दिल्या होत्या. गाण्याची तालीम भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयाने दिली. थोड्याच वर्षांत महाराष्ट्रात दुसरे नाव कुणी घेईना.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईला काकासाहेब खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा, असे लोकांच्या मनात होते. नारायणरावांनी तो होऊ दिला आणि भामिनी होऊन ते गायले. ही गोष्ट आपण शाळेपासून कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून ऐकतो. मीही तशीच ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. या वेळी वाचताना मात्र मला वेगळेच माणूस आठवत राहिले. त्या मुलीची आई, लक्ष्मीबाई. तिकडे भामिनीच्या पदांना वन्समोअर मिळत असताना घरी त्या काय करत असतील? त्यांच्याविषयी पुस्तकांतून फार थोडे मिळते. पुरुषाने स्त्री होऊन गायलेल्या गाण्यांची इतकी वर्णने आहेत की ती वाचायला जन्म पुरायचा नाही, आणि त्याच घरातल्या खऱ्या स्त्रीबद्दल चार ओळी. मी नारायणरावांना दोष देत नाही. तिकिटे विकली गेलेली होती, माणसे येऊन बसलेली होती आणि कंपनीचे पोट त्यांच्यावर होते. आप्पांच्या आईचे दिवस झाले नव्हते तेव्हा आप्पाही एका प्रयोगाचे सामान घेऊन सोलापूरला गेले होते. प्रयोग थांबत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याची किंमत घरात कोण मोजते, हेही माहीत आहे.

१९१३ साली नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली 'स्वयंवर' आले. भास्करबुवांनी दिलेल्या चाली आणि नारायणरावांची रुक्मिणी यांनी महाराष्ट्र वेडा झाला. रागदारी संगीत ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकले नव्हते, अशी माणसे रस्त्याने यमन आणि भीमपलास गुणगुणत जाऊ लागली. सुखवस्तू घरांतल्या बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखी वेणी घालू लागल्या. बाईने कसे दिसावे हे बायकांना एका पुरुषाने शिकवले, याचे मला हसूही येते आणि नवलही वाटते.

पण नाटक कंपनी म्हणजे केवळ गाणे नव्हे. ते एक फिरते गाव होते. नट, गवई, साजिंदे, रंगारी, सुतार, शिंपी, आचारी, सगळ्यांचे जेवणखाण आणि पगार मालकाच्या डोक्यावर. अहमदजान थिरकवांसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया ज्याच्या पदरी, त्याचा खर्च काय असेल याची कल्पना करावी. त्यात नारायणरावांचा हात मोकळा. शालू खरा हवा, दागिना खरा हवा, गालिचा खरा हवा, अत्तर उंची हवे. १९२० साली 'द्रौपदी' नाटकासाठी मयसभा उभी करताना त्यांनी खर्चाकडे पाहिलेच नाही. आजचा हिशेबी निर्माता हे वाचून कपाळाला हात लावील. आप्पांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला की ती मयसभा एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायची कशी. मी निरुत्तर झाले.

आता ज्या नाटकासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्यांचे वय अवघे तेहतीस. त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. बोडस सुधाकर झाले आणि नारायणराव सिंधू.

तोवरच्या गाजलेल्या संगीत नाटकांची नावे घेऊन पाहा. 'सौभद्र', 'मानापमान', 'स्वयंवर'. सगळ्यांच्या शेवटी लग्न आहे. प्रेक्षक रात्रभर जागतो आणि पहाटे मांडवातून उठल्यासारखा प्रसन्न मनाने घरी जातो. 'एकच प्याला'त लग्न पहिल्याआधीच होऊन गेले आहे आणि पुढे जे होते ते घराची राखरांगोळी. हुशार वकील सुधाकर अपमानाच्या भरात पहिला प्याला घेतो. मग सनद जाते, अब्रू जाते. सिंधू दळण दळून पोट भरते. शेवटी त्याच्याच हातून तान्हे मूल मरते, सिंधू मरते आणि सुधाकर विष पितो. तळीराम आणि त्याच्या मदिरा मंडळाचे प्रवेश हसवून हसवून लोळवतात खरे, पण त्या हसण्याच्या तळाशीही काळोखच आहे. असले नाटक तिकीट काढून कोण पाहणार, ही शंका कुणाही व्यवहारी माणसाला यावी. ज्या कंपनीला रोज शे-दोनशे पाने वाढायची आहेत, तिने हा जुगार का खेळावा?

आणि नाटक चालले. नुसते चालले नाही, कंपनीच्या हुकमी नाटकांत जाऊन बसले. आज शंभर वर्षे उलटून गेली तरी ते कुठे ना कुठे होतच असते.

ते का चालले, यावर मी बराच विचार केला. गडकऱ्यांच्या भाषेचे बळ होते, बोडसांचा सुधाकर तर मैलाचा दगडच होता. पण माझ्या मते मुख्य कारण असे की एवढे दुःख सोसायला प्रेक्षकाला एक आधार लागतो आणि तो आधार नारायणरावांच्या गळ्याने दिला. घरात दाणा नाही, पण स्वर आहे. मार बसला आहे, पण पद सुरू आहे. अंधाऱ्या विहिरीत उतरणाऱ्याच्या हाती दोर असावा तसे ते गाणे होते. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. पद संपताच वन्समोअर आला आणि उपाशी सिंधू पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागली की शोकाचे काय व्हायचे? दुःख पातळ होत असणारच. म्हणजे ज्या गाण्यामुळे नाटक विकले गेले, त्याच गाण्याने त्याची धारही थोडी बोथट केली. हा सौदा त्या काळी सर्वांनाच मान्य होता असे दिसते. निर्मात्याला, नटाला आणि तिकीट काढणाऱ्यालाही.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि नारायणराव भामिनी. वरचे तिकीट शंभर रुपयांचे होते, तेही त्या काळचे शंभर. नाट्यगृह फुलून गेले. संगीत रंगभूमीच्या वैभवाचे शिखर म्हणून या प्रयोगाकडे बोट दाखवतात. पण त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. इकडे गंधर्व मंडळीतून टेंबे आधीच बाहेर पडले होते, पुढे बोडसही गेले. कर्जाचा डोंगर एकट्या नारायणरावांच्या माथ्यावर आला. त्यांनी हात वर केले नाहीत. गावोगाव प्रयोग करून पुढची कित्येक वर्षे ते कर्ज फेडत राहिले. ते उधळे होते असे वर्गात एकदा चर्चेत निघाले, तेव्हा माझ्या मनात आले की उधळणारे पुष्कळ असतात, पण त्यासाठी रोज रात्री उभे राहून गाणारे थोडे. टेम्पोचा हप्ता म्हणजे काय हे ज्या घरात कळते तिथे या गोष्टीची किंमत निराळी होते.

मग वय आले. १९३१ साली देशात बोलपट आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. पाच-सहा तासांच्या नाटकाऐवजी दोन-अडीच तासांत आणि थोड्या पैशांत लोकांना गाणे, देखावे, नट सगळे मिळू लागले. तिकडे रंगभूमीवर स्त्रिया येऊ लागल्या होत्या. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केले, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. खरी बाई समोर आल्यावर पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषाला नायिका म्हणून किती दिवस पाहायचे, असा प्रश्न लोकांच्या मनात उठला तर त्यात त्यांचा दोष नव्हता. नोव्हेंबर १९३१ मध्ये 'कान्होपात्रा' आले तेव्हा नारायणराव त्रेचाळीस वर्षांचे होते. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवणारी ती तरुण गणिकेची मुलगी त्यांनी केली आणि मास्तर कृष्णरावांच्या चालींवर ती भजने गायली. शरीर थकत चालले होते, पण भक्तीला वय नसते. त्या वाटेने त्यांनी आपल्या वयावर थोडी मात केली, असे मला वाटते.

पुढे 'प्रभात'शी करार झाला. आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्याच जागेत तेव्हा प्रभात स्टुडिओ होता. १९३५ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' निघाला आणि नारायणराव संत एकनाथ झाले. चित्रपटाचे आधीचे नाव 'महात्मा', पण सेन्सॉरने ते चालू दिले नाही. चित्रपट चांगला होता, तरी नारायणरावांचा जीव तिथे रमला नाही. समोर माणूस नाही, वन्समोअर नाही, तुकड्या-तुकड्यांनी गायचे आणि कुणी हात वर केला की थांबायचे. ते पुढचे चित्रपट न करता बाहेर पडले. १९३७ साली बाबुराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात, मीरा म्हणून दिसले. तेव्हा वय एकोणपन्नास. रंगमंचावर दिवे दुरून पडतात, प्रेक्षक लांब असतो आणि गाणे सुरू झाले की तो डोळे मिटतो. कॅमेऱ्याला डोळे मिटता येत नाहीत. तो जवळ जातो आणि हनुवटी, मान, हाताच्या शिरा सगळे दाखवतो. जे प्रेक्षक तीस वर्षे प्रेमाने विसरत आले होते ते कॅमेऱ्याने विसरले नाही.

यानंतर ते पुन्हा रंगभूमीकडेच आले. त्यांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. त्या नारायणरावांचे गाणे गळ्यात घेऊनच आलेल्या. गोहरबाई नायिका झाल्या आणि नारायणरावांनी पुरुषवेष घेतला. १९४० साली लक्ष्मीबाई वारल्या. पुढे नारायणरावांनी गोहरबाईंशी संसार केला. ज्या समाजाने त्यांना देव्हाऱ्यात बसवले होते त्याच समाजाने पाठ फिरवली. काल तिकिटासाठी भांडणारे आज ओळख दाखवीनात. कंपनीचे नुकसान, जुने सोबती दुरावणे, पैशाची तंगी, या सगळ्याचे खापर गोहरबाईंच्या माथी फुटले. त्या धर्माने मुसलमान आणि घराण्याने गाणारणीच्या, एवढे कारण लोकांना पुरेसे झाले असावे. पण पुढे नारायणरावांचे पाय गेले तेव्हा त्यांची सेवा कुणी केली हे पाहिले म्हणजे मला त्या बाईंबद्दल आदरच वाटतो. लक्ष्मीबाईंवर चार ओळी मिळतात, गोहरबाईंवर चार शिव्या. दोघींनाही न्याय देणारे कुणी लिहील अशी आशा आहे.

उतारवयात मान मिळाले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ साली पद्मभूषण. पायांनी चालवेना, तरी माणसे बसून भजने ऐकत. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी पुण्यात मुठेच्या काठी त्यांच्याच नावाच्या नाट्यगृहाची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली. गोहरबाई त्यांच्या आधी गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांनी देह ठेवला. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते रंगमंदिराचे उद्‌घाटन झाले. एका वर्षाने चुकामूक झाली. ज्या नाट्यगृहाची कोनशिला बसवली तिथे पडदा वर गेलेला त्यांनी पाहिला नाही.

गेल्या वर्षी एका हौशी संस्थेने 'एकच प्याला'चा प्रयोग केला. सामान आप्पांच्या टेम्पोतून गेले म्हणून चार पास मिळाले. आई आयुष्यात पहिल्यांदा समोरून नाटक पाहत होती. थिएटर निम्मेअधिक रिकामे. सिंधूचे काम एका बाईंनी केले, गातही छान होत्या. आईला मात्र सिंधू पटली नाही. भावाची गिरणी आहे, तर मूल कडेवर घेऊन सरळ माहेरी का गेली नाही, मार खात कशाला बसली, असे तिचे म्हणणे. चार घरची धुणीभांडी करून मला कॉलेजात घालणाऱ्या बाईचा तो प्रश्न होता, आणि त्याला गडकऱ्यांकडेही उत्तर नाही असे मला वाटते.

आप्पांचे निराळेच झाले. विंगेतून शेकडो नाटके पाहिलेला हा माणूस शेवटच्या अंकाआधी उठून बाहेर गेला. नाटक संपल्यावर मी मागे गेले तर ते टेम्पोत बसलेले. काही विचारले नाही. आमचे आबा दारूपायी गेले आणि आजीने गावात दळणे दळून आप्पांना वाढवले, एवढे मला ठाऊक आहे. टेम्पो सुरू करताना आप्पा एवढेच म्हणाले की नाटक खोटे नाही.

तेव्हा मला उमगले की असल्या नाटकाचा धंदा कठीण का. ज्यांनी ते भोगले आहे त्यांना ते बघवत नाही आणि ज्यांनी भोगले नाही त्यांना सुट्टीच्या दिवशी पैसे देऊन रडायचे नसते. दोघांनाही खुर्चीत बसवायचे तर गंधर्वाचा गळा लागतो, आणि तो गळा एकदाच जन्मला आणि म्हाताराही झाला. काळोखाची संगीत नाटके ताऱ्यावाचूनही उभी राहिली, नाही असे नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी याच पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' झाले. मूळ संस्थेने एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवले, तरी पुढे थिएटर अकॅडमीने उचलले आणि १९८० साली ते परदेशी गेले. तिथे एक मोठा नट नव्हता, माणसांची एक भिंत होती. अलीकडे २०१७ साली आलेल्या 'संगीत देवबाभळी'ने दोनच बायकांच्या बळावर शेकडो प्रयोग केले आणि आप्पांनी सांगितले की त्याला गर्दी त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे प्रेक्षक दुःखाला भीत नाही. त्याला कुणीतरी हात धरून तिथवर न्यावे लागते, एवढेच.

नारायणरावांनी ते काम पन्नास वर्षे केले. त्यांनी वेळीच थांबायला हवे होते, असे पुष्कळांनी लिहिले आहे. मलाही आधी तसेच वाटले होते. आता वाटते, त्यांना थांबायला सांगणारे आपण कोण? लहानपणीच ज्याला बालगंधर्व केले त्याला मोठे होण्याची परवानगी आपणच दिली नाही. तरुण भामिनीला शंभर रुपये देणाऱ्या प्रेक्षकाने म्हाताऱ्या नारायणरावांना पाहण्याची तयारी कधी केली नाही, आणि त्यांनाही गाण्याशिवाय दुसरे काही येत नव्हते.

परवा पुन्हा रंगमंदिरात गेले होते. या वेळी तिकीट काढून, पुढच्या दाराने. दोन्ही चित्रांसमोर बराच वेळ उभी राहिले. एकात राजबिंडा पुरुष, दुसऱ्यात लावण्यवती. चाकाच्या खुर्चीतले, पाय गेलेले, तरीही सूर लावून बसलेले नारायणराव त्या दोन्हींत नाहीत. तेवढ्यात घंटा झाली आणि मी आत गेले.

— द्वितीय वर्ष, कला